ऑक्टोबरचे वारकरी : मराठवाड्यातील नापासांच्या इतिहासाची काही पाने

१

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास उत्तीर्ण झालेल्यांनी लिहिला आहे. पहिली शाळा कोणी काढली, पहिला पदवीधर कोण झाला, कोणत्या महाविद्यालयाचा निकाल किती लागला, याच्या नोंदी सापडतात. परीक्षेला बसून परत फिरलेल्यांचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही. वास्तविक खेड्यातल्या दलित वस्तीत आजही मॅट्रिक झालेल्यांपेक्षा 'मॅट्रिकला बसलेली' माणसे अधिक भेटतात. त्यांच्या पेटीत एक गुणपत्रिका असते. तिच्यावर पाच विषयांत पस्तीसच्या वर आणि एका विषयात पस्तीसच्या खाली गुण असतात. तो एक विषय म्हणजे त्या माणसाचे उरलेले आयुष्य होय.

वर्षानुवर्षे परीक्षेला बसणाऱ्या अशा मुलांना गावात 'ऑक्टोबरचे वारकरी' म्हणत. या शब्दात हेटाळणी आहे, पण एक सत्यही आहे. वारकऱ्याला दर वर्षी दर्शनाची आशा असते. या मुलांपुढेही शासनाने दुसऱ्या संधीची आशा कायम ठेवली; परंतु ती संधी नेहमी काही मर्यादा घालून दिली. या मर्यादा कोणी घातल्या, कशाच्या घातल्या आणि त्यांचा भार कोणावर पडला, हा या लेखाचा विषय आहे. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. एकात माझा जन्म झाला आणि दुसऱ्यात मी शिकवतो.

२

मॅट्रिकची परीक्षा ही आपल्या समाजरचनेतली तशी अलीकडची वस्तू आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. ज्या घरांत पोथी होती, ज्या घरांत अक्षर पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, त्या घरांतल्या मुलांसाठी ही परीक्षा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्यासारखी होती. ज्याच्या आजोबाला शाळेच्या ओट्यावरही बसता आले नव्हते, त्याच्यासाठी ती भिंत होती. परीक्षा दोघांना एकच होती, प्रश्नही तेच होते. पण एकाच्या मागे शंभर वर्षांची शिकवणी होती आणि दुसऱ्याच्या मागे शंभर वर्षांची मनाई होती.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा सदतीस-अडतीस. आजच्या गुणगौरव समारंभात एवढ्या गुणांच्या मुलाला कोणी पुष्पगुच्छ देणार नाही. परंतु त्या काळच्या लोकांनी त्या यशासाठी सभा भरवली, सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी बसले, कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. त्या सभेला टक्केवारीचे मोल नव्हते. अंतर किती कापले याचे मोल होते. हे अंतर मोजण्याची रीत आपण पुढे विसरलो.

बाबासाहेबांच्याच आयुष्यातला दुसरा प्रसंग या विषयाशी अधिक जवळचा आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. प्रा. कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. हीही मर्यादाच होती. पण ती कशी होती ते पाहावे. त्या मुदतीत त्यांनी सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे एकदम स्वीकारला गेला नाही. तो त्यांना पुन्हा लिहून द्यावा लागला आणि १९२३ साली त्यावर पदवी मिळाली. विद्यापीठाने कसोटी सैल केली नाही. पण दरिद्री माणसाला पैसा जमवून परत येता येईल एवढी मुदत दिली. न्याय्य मर्यादा कशी असावी, याचे हे उदाहरण आहे. कसोटी कडक असो. पण मुदत माणसाच्या परिस्थितीला पुरेल अशी असावी.

हाच विचार त्यांनी पुढे सार्वजनिक जीवनात मांडला. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठराच चौथीपर्यंत पोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. त्यांच्या मुद्द्याचा रोख मुलांच्या बुद्धीवर नव्हता, शासनाच्या खर्चावर होता. गळतीचा दोष मुलाच्या अंगी न लावता व्यवस्थेकडे हिशेब मागण्याची ही दृष्टी जर आपण पुढे शालान्त परीक्षेपर्यंत नेली असती, तर आजचा इतिहास वेगळा दिसला असता.

३

मराठवाड्यात ही भिंत आणखी उंच होती. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेत होते आणि मराठी मुलाला तेथे पोचायचे तर आधी भाषेचा डोंगर ओलांडावा लागे. खेड्यातल्या अस्पृश्य मुलापुढे या डोंगराच्याही आधी गावची वेस होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा या भागात हायस्कुले तालुक्याच्या गावीसुद्धा विरळ होती आणि कला-विज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांचा जवळजवळ अभावच होता.

१९५० साली दोन दारे उघडली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले आणि त्या वेळच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात बाबासाहेबांनी नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. मिलिंदमध्ये वसतिगृहे उभी केली. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एका ठिकाणी विद्यार्थ्याजवळ दिवस नव्हता म्हणून महाविद्यालयाने आपली वेळ बदलली. दुसऱ्या ठिकाणी त्याच्याजवळ घर नव्हते म्हणून महाविद्यालयाने घर दिले. विद्यार्थ्याने संस्थेच्या वेळापत्रकात बसावे असे न म्हणता संस्थेने विद्यार्थ्याच्या आयुष्याशी वेळापत्रक जुळवावे, हे तत्त्व नागसेनवनाने शिकवले. दुर्दैव असे की शालान्त परीक्षेने हे तत्त्व कधीही स्वीकारले नाही.

४

१९६५ च्या कायद्याने महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले आणि १९६६ पासून त्याचे काम सुरू झाले. मराठवाड्याचे विभागीय मंडळ प्रारंभी औरंगाबादला होते. पुढे नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या जिल्ह्यांसाठी लातूरला वेगळे विभागीय मंडळ झाले. मार्चमध्ये मुख्य परीक्षा आणि ऑक्टोबरमध्ये पुरवणी परीक्षा असा क्रम पडला. ज्या विषयांत मूल उत्तीर्ण झाले त्यांतून सूट घेऊन राहिलेलेच विषय देण्याची सोय आली. शाळा सुटलेल्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आला. खाजगीरीत्या बसण्याचा हा रस्ता खेड्यापाड्यांत इतका रुळला की 'सतरा नंबर' हे शब्द ज्याला एकही इंग्रजी अक्षर येत नाही अशा माणसालाही ठाऊक असतात.

या सोयी खऱ्या होत्या आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पोलीस, शिपाई, तलाठी, प्राथमिक शिक्षक होऊन ज्यांनी वस्तीला पहिला पगार दाखवला, त्यांतले कित्येक ऑक्टोबरच्या रस्त्याने आले. पण या सोयीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. पहिली, की मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मूल मोकळे आहे. दुसरी, की या काळात त्याला कोणी तरी शिकवणार आहे. आमच्या वस्तीत या दोन्ही गोष्टी खोट्या होत्या.

मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या भागांतली शेकडो कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततात. मुकादमाची उचल त्याआधीच घेतलेली असते, बहुधा पावसाळ्यातच. याचा अर्थ असा की मार्चच्या परीक्षेआधीचे जे चार-पाच महिने अभ्यासाचे, ते मुलाने उसाच्या फडात काढायचे. मग उन्हाळ्यात निकाल, पावसाळ्यात पेरणी-खुरपणी आणि ती संपते न संपते तोच ऑक्टोबर. मंडळाचे वेळापत्रक आणि कोयत्याचे वेळापत्रक असे काही एकमेकांत अडकले होते की पहिली संधी आणि दुसरी संधी या दोहोंच्या मध्ये शिकायला जागाच उरत नव्हती.

माझ्या घरातले उदाहरण देतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, १९९९ च्या मार्चमध्ये दहावीला बसली. इंग्रजीत तिला २७ गुण पडले. बाकी सर्व विषय सुटले. ऑक्टोबरचा फॉर्म भरायला बाने शेळी विकली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिला इंग्रजीचे एक वाक्य कोणी शिकवले नाही. शाळेत गेली तर सांगण्यात आले की तुझा वर्ग संपला, आता तू आमच्या पटावर नाहीस. तिने जुनेच पुस्तक पुन्हा पाठ केले. ऑक्टोबरला २८ गुण पडले. सहा महिन्यांत एक गुण वाढला. दिवाळीनंतर ती टोळीबरोबर कोपीवर स्वयंपाकाला गेली आणि पुढल्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. मुलगा नापास झाला तर तो वारकरी होतो; मुलगी नापास झाली तर ती सून होते. तिसरा फॉर्म तिच्यासाठी कोणी भरला नाही.

२००५ साली मी दहावीला बसलो आणि गणितात गेलो. मला २९ गुण होते, म्हणजे आक्कापेक्षा फार मोठी मजल नव्हती. फरक इतकाच पडला की त्या वर्षी मिलिंदमध्ये शिकलेले एक निवृत्त शिक्षक गावी राहायला आले होते. त्यांनी आम्हा चार पोरांना बुद्धविहारात बसवून चाळीस संध्याकाळी गणित शिकवले. पैसे घेतले नाहीत. मात्र गैरहजर राहिले की घरी येऊन मायसमोर कान धरीत. चौघेही सुटलो. पण अकरावीचे प्रवेश तोवर संपले होते, म्हणून ते वर्ष गेलेच. आक्काच्या २८ मध्ये आणि माझ्या ३८ मध्ये बुद्धीचे अंतर नाही. मध्ये चाळीस संध्याकाळी आहेत.

५

दुसऱ्या संधीला आणखी एक मर्यादा शिष्यवृत्तीने घातली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. या शिष्यवृत्तीने आमच्या पिढ्या घडवल्या, हे कोणीही अमान्य करणार नाही. परंतु पुढे तिच्या नियमांत अपयशाचा जो विचार झाला तो लक्षात घ्या. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा वरच्या गटातल्या अभ्यासक्रमांत पहिल्यांदा नापास झालेल्याला माफी. त्यानंतर मात्र वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च ज्याचा त्याने करायचा. म्हणजे ज्या वर्षी मुलाला आधाराची सर्वांत अधिक गरज, त्याच वर्षी आधार काढून घ्यायचा! सवर्ण घरातला मुलगा नापास झाला तर बापाचे पैसे वाया जातात. आमचा मुलगा नापास झाला तर त्याच्या हातून वसतिगृहातली खाट जाते.

याचा परिणाम नोकरीच्या टोकाला दिसतो. राखीव जागा भरल्या जात नाहीत, 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा पडतो आणि अनुशेष साचत जातो. या शेऱ्याविरुद्ध आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण तो योग्य उमेदवार कोठे हरवला याचा माग मागे मागे नेला तर तो शालान्त परीक्षेच्या त्या एका विषयापाशी येऊन थांबतो.

आणि आपत्तीची गोष्ट वेगळीच. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. माणसे गाव सोडून गेली. घरांबरोबर लेकरांची दप्तरेही गेली. ज्या आंदोलनाच्या मुळाशी एका विद्यापीठाचे नाव होते, त्यात किती मुलांची शाळा कायमची सुटली याची मोजदाद कोणी केली नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्यासाठी गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात स्वतःला जाळून घेतले होते. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला लातूर-उस्मानाबादचा भूकंप झाला, तोही ऑक्टोबरच्या परीक्षेच्या तोंडावर. दंगल असो, दुष्काळ असो, भूकंप असो. गुणपत्रिकेवर कारणाचा रकाना नसतो. तेथे फक्त आकडा असतो.

६

आता या प्रदेशाच्या गौरवाच्या गोष्टीकडे वळू. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाची स्थापना १९७० साली झाली. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले प्राचार्य. निग्रो साहित्याचा मराठीला परिचय करून देणारे आणि दलित साहित्याच्या बाजूने उभे राहिलेले हे गृहस्थ पुढे १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतून जी अध्यापनपद्धती वाढली तिला महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतो. तिचे गुपित साधे आहे. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, तो पुन्हा शिकवायचा, चाचण्या घ्यायच्या, चुका दाखवायच्या, पुन्हा चाचण्या घ्यायच्या. मागासलेल्या म्हणून हिणवलेल्या मराठवाड्याची मुले या पद्धतीने पुण्या-मुंबईच्या पुढे गेली.

लातूर पॅटर्नने काय सिद्ध केले? निकाल ही दैवाची किंवा जातीची देणगी नसून शिकवण्याची निर्मिती आहे, हे सिद्ध केले. मग प्रश्न असा की ज्या गावाने पुन्हा पुन्हा शिकवण्याची विद्या साऱ्या राज्याला दिली, त्या गावाने ती पंच्याण्णव टक्क्यांचे अठ्ठ्याण्णव करण्यासाठीच का वापरली? अठ्ठावीसचे पस्तीस करण्यासाठी का नाही? उत्तर कडू आहे. पंच्याण्णव टक्क्यांचा पालक पैसे देतो. अठ्ठावीस गुणांचा पालक उसाच्या फडात असतो.

जेथे शिकवणी पोचली नाही, तेथे कॉपी पोचली. कॉपीच्या विरोधात महाराष्ट्राने १९८२ साली कायदा केला. तरी केंद्राच्या भिंतीवर चढलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि २०१० साली जिल्ह्याचा निकाल घसरला. कित्येकांनी तेव्हा ओरड केली. मी त्या ओरडणाऱ्यांत नाही. कॉपी ही गरिबाला दिलेली सवलत नव्हे. ती शिक्षकाने आणि संस्थाचालकाने आपल्या न शिकवण्यावर घातलेले पांघरूण होय. पांघरूण ओढले तेव्हा खालचे अंग दिसले. पण ज्यांचे अंग उघडे पडले त्या मुलांना शिकवण्याची तेवढीच मोठी आणि कायमची व्यवस्था राज्यभर झाली का? तशी ती झाली नाही.

७

गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या संधीचे रूप बरेच बदलले. २००० नंतरच्या दशकात दहावीत एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत बसू देण्याची, म्हणजे ए.टी.के.टी.ची, सोय आली. मात्र ते विषय सुटेपर्यंत पुढचा निकाल अडलेला राहतो. दोनांहून अधिक विषय राहिले तर दार बंद. २०१० पासून सहा विषयांपैकी उत्तम पाचांची बेरीज धरण्याचे सूत्र आले. ते गुणांच्या स्पर्धेत धावणाऱ्यांच्या उपयोगाचे होते. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर लगेच, पावसाळ्याच्या प्रारंभी होऊ लागली. माझ्यासारख्याचे जे वर्ष गेले ते यामुळे वाचते, ही मोठीच सुधारणा आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पूर्वी दोन परीक्षांच्या मध्ये सहा महिने असत, आता महिना-दीड महिना असतो. बुद्धविहारातल्या चाळीस संध्याकाळी आता या वेळात बसवायच्या तर पहिल्याच दिवसापासून शिकवणारा हजर हवा. तो कोठे आहे?

२०१६ साली आणखी एक बदल झाला. गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' हा शब्द जाऊन अधिक विषय राहिलेल्यांपुढे 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आला. पुढे फेरपरीक्षेचा उल्लेख करणारे शेरे आले. शब्द मवाळ झाला याचा राग येण्याचे कारण नाही. नापास या शब्दाने कित्येक कोवळी मुले विहिरीकडे गेली आहेत. पण शेऱ्याचा अर्थ पाहावा. इंग्रजी, गणित आणि विज्ञान न शिकवलेल्या मुलाला सांगायचे की तू हातकामाला पात्र आहेस! हातकामाला पात्र असल्याचे प्रमाणपत्र आम्हाला मनूपासून मिळालेले आहे. त्यासाठी मंडळाच्या शिक्क्याची गरज नव्हती. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली. ती मुलाला बापाच्या जातीच्या कामाला बांधणारी आहे हे ओळखून द्रविड चळवळीने तिच्याविरुद्ध रान उठवले आणि १९५४ साली कामराज यांनी ती मागे घेतली. सुतारकी, वीजकाम, यंत्रकाम शिकणे यात कमीपणा काहीच नाही. पण ज्याला निवड आहे त्याने शिकले तर ते कौशल्य. ज्याला दुसरे दार नाही त्याला ढकलले तर ती जातच होय.

या साऱ्यात २०२१ साल बोधप्रद आहे. महामारीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. मुले त्या एका वर्षात हुशार झाली नव्हती. उलट त्या वर्षी खेड्यातल्या मुलाच्या हातात ना शाळा होती ना मोबाइल. तरी जवळजवळ सारीच उत्तीर्ण झाली. यावरून काय निष्पन्न होते? नापासांची संख्या हा निसर्गाचा नियम नाही. तो शासनाचा निर्णय असतो. आणि पासांची संख्याही तशीच. त्या तुकडीतली मुले मी पुढे वर्गात पाहिली आहेत. त्यांच्या हातात प्रमाणपत्र होते, पण अर्जाचा परिच्छेद लिहिताना हात थांबत होता. न शिकवता नापास करणे हा जसा अन्याय आहे, तसा न शिकवता पास करणे हाही अन्यायच आहे. पहिला दारात अडवतो, दुसरा आत घेऊन फसवतो.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत २००२ साली 'एकही मूल मागे राहू नये' अशा नावाचा कायदा झाला आणि शाळांवर निकालाचा दबाव आला. नापास विषयाची भरपाई संगणकासमोर बसून थोड्या आठवड्यांत करून घेण्याचे अभ्यासक्रम तेथे फोफावले. 'क्रेडिट रिकव्हरी' हे त्यांचे नाव. गरिबांच्या आणि काळ्यांच्या वस्त्यांतल्या शाळांत त्यांचा आधार घेऊन उत्तीर्णांचे आकडे चढले, पण शिकणे चढले का, असा प्रश्न तिकडच्याच लोकांनी विचारला. न्यू यॉर्क शहराने २०१२ साली अशा भरपाईवर मर्यादा घातल्या. तेथेही पेच तोच आहे. मर्यादा काढली तर आकडे फुगतात; मर्यादा घातली तर गरिबाचे मूल बाहेर राहते. तिसरा मार्ग म्हणजे शिकवणे, आणि तो खर्चाचा असल्यामुळे दोन्हीकडे टाळला जातो.

८

मग आपण काय मागावे? सर्व मर्यादा उठवा, असे मी म्हणत नाही. कसोटी नसलेली पदवी आमच्याच मुलांना महाग पडते. कारण वशिला नसलेल्याजवळ कसोटीशिवाय दुसरे काहीच नसते. माझे म्हणणे एवढेच की मर्यादा आजवर घेणाऱ्यावर घातली गेली, ती देणाऱ्यावर घातली पाहिजे. ज्या शाळेत मूल नापास झाले त्या शाळेच्या पटावरून ते फेरपरीक्षेपर्यंत कमी होता कामा नये. राहिलेला विषय पगारी शिक्षकाने ठरावीक तास पुन्हा शिकवल्याचा दाखला असल्याशिवाय शाळेला फेरपरीक्षेचा फॉर्म पुढे पाठवता येऊ नये. ज्या वर्षी मूल अडखळते त्या वर्षी त्याची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा राहिली पाहिजे. आणि कोयत्यावर गेलेल्या घरातल्या मुलासाठी हंगामाच्या काळात राहण्या-शिकण्याची सोय त्याच्याच शाळेत हवी. २०१९ साली शिक्षण हक्क कायदा बदलला आणि पाचवी-आठवीलाही फेरपरीक्षा आणि त्यानंतर त्याच वर्गात बसवण्याचा रस्ता मोकळा झाला. महाराष्ट्राने तो २०२३ पासून स्वीकारला. म्हणजे हा प्रश्न आता सोळा वर्षांच्या मुलाचा राहिला नाही. तो दहा वर्षांच्या लेकरापर्यंत खाली उतरला आहे.

शासनाकडे मागताना आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. चौदा एप्रिलला आपण गुणगौरव करतो. नव्वद टक्केवाल्यांना मंचावर बोलावतो, त्यांच्या आईबापांना शाल देतो. नापास झालेले पोर त्या दिवशी मांडवाच्या मागे खुर्च्या उचलत असते. १९०७ साली ज्या समाजाने २८२ गुणांसाठी सभा भरवली, त्याच समाजाला आज अठ्ठावीस गुणांच्या मुलीची लाज वाटते. ही लाज आपली नव्हे. ती प्रस्थापितांकडून उसनी घेतलेली आहे. आपण पदवीधर झालेल्यांनी, प्राध्यापक झालेल्यांनी, आपापल्या गावच्या विहारात चाळीस संध्याकाळी दिल्या तर शासनाची जबाबदारी कमी होत नाही. पण एखादी आक्का टोळीबरोबर जाण्यापासून वाचू शकते.

गेल्या वर्षी आक्काने मला विचारले, "तुह्या कॉलेजात सतरा नंबरचा फॉर्म मिळतो का रे?" मला वाटले, तिच्या लेकीसाठी विचारते आहे. म्हटले, "लेकीला कशाला? ती तर शाळेत जाते." ती म्हणाली, "तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी." पंचवीस वर्षांनंतर तो एक विषय तिच्या मनातून गेलेला नाही. तो फॉर्म मी मिळवून दिला. पण फॉर्म देऊन हात झटकायचे तर १९९९ साली व्यवस्थेने जे केले त्याहून मी वेगळे काय केले असते? आता दर रविवारी मी गावी जातो. ती, तिची लेक आणि शेजारच्या दोघी इंग्रजीचे पुस्तक घेऊन विहारात बसतात. त्या पास होतील की नाही हे मार्चमध्ये कळेल. त्यांना शिकवले गेले की नाही, याचे उत्तर मात्र मंडळाने द्यायचे नाही. ते आपण द्यायचे आहे.